न दिलेल्या औषधाची नोंद

मंदसौर आणि नीमच ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. शिंदे-होळकरांच्या माळव्याचा इतिहास ज्याने नुसता चाळला असेल, त्यालाही ती ओळखीची वाटतील. या प्रदेशात हिवाळ्याच्या अखेरीस आजही अफूची शेते फुलतात. आणि ती चोरून नव्हे, तर सरकारी परवान्याने फुलतात. कोणी किती जमिनीत पेरणी करावी हे ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या परवान्याने ठरते. बोंडांना चिरा देऊन काढलेला चीक सरकारजमा होतो. आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्यावर पुढील प्रक्रिया होते. अफूचा चीक कायदेशीरपणे काढून परदेशी पाठविणारा देश जगात जवळजवळ एकटा भारतच आहे. या चिकात मॉर्फिन असते. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील वेदनेवर त्याच्याइतके खात्रीचे आणि त्याच्याइतके स्वस्त औषध माणसाला अद्यापि सापडलेले नाही. त्याच्या साध्या गोळीची किंमत काही रुपयांच्या पलीकडे जात नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहावी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ साली देशोदेशींचा हिशेब मांडला. तीव्र वेदनेने ग्रासलेल्या दर रुग्णामागे वर्षाकाठी मॉर्फिन व तत्सम औषधे किती पोहोचतात, असा तो हिशेब होता. भारताचा आकडा निघाला ४३ मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या अवघे ४ टक्के. चीनचा ३१४, मेक्सिकोचा ५६२, आणि अमेरिकेचा ५५ हजारांहून अधिक. ज्याच्या शेतात हे औषध पिकते त्याच्याच घरी ते नाही! विहिरीच्या काठावर उभे राहून तहानेने मरणारा माणूस आपण गोष्टींत वाचतो आणि हळहळतो. येथे तर विहीर सरकारच्या मालकीची आहे, पोहरा सरकारचा आहे, आणि तहानलेल्याला मात्र काठावर येण्यापूर्वी पाच खात्यांच्या सह्या आणावयास सांगितले गेले होते.

हे असे का झाले? याचे उत्तर दारिद्र्यात नाही, अज्ञानातही पुरतेपणी नाही. ते कायद्यात आहे, आणि त्याहून अधिक कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांच्या मनोवृत्तीत आहे. प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. वैद्यकशास्त्र हा त्याचा विषय नाही. परंतु अर्ज, परवाना, शेरा आणि प्रलंबित प्रकरण हा त्याच्या नित्याच्या भाकरीचा विषय आहे. म्हणून डॉक्टरांनी जे औषधशास्त्राच्या अंगाने मांडले आहे, तेच येथे फायलीच्या अंगाने मांडावयाचे आहे.

१९८५ पूर्वी या औषधांवर १९३० चा धोकादायक औषधांचा कायदा लागू होता आणि त्यातील पहिल्या अपराधाची कमाल शिक्षा तीन वर्षे होती. २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत एक नवे विधेयक आले; १६ सप्टेंबरला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली; आणि १४ नोव्हेंबरपासून ते कायदा म्हणून अंमलात आले. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम असे त्याचे लांबलचक नाव. विधेयक मांडल्यापासून चोवीस दिवसांत संमती! या कायद्याने किमान शिक्षाच दहा वर्षांच्या सक्तमजुरीची आणि एक लाख रुपये दंडाची केली. गुन्हेगारांच्या टोळ्यांना धाक बसावा हा त्यामागचा हेतू होता, आणि तो हेतू वाईट होता असे कोणीही म्हणणार नाही. परंतु टोळीवाला आणि इस्पितळाचा औषधभांडारी यांच्यामध्ये हा कायदा पुरेसा फरक करू शकला नाही. हिशेबाच्या वहीत चार गोळ्यांचा मेळ बसला नाही, तर आपल्यावर त्याच कलमाखाली खटला होईल, ही धास्ती औषधविक्रेत्यांच्या आणि डॉक्टरांच्या मनात शिरली. गुन्ह्यातील मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेची प्रतवारी करणारी दुरुस्ती पुढे २००१ साली झाली; तोवर सोळा वर्षे ही धास्ती मुरत गेली होती.

त्यात भर पडली ती राज्यांच्या नियमांची. मॉर्फिनसारख्या औषधाचा ताबा, खरेदी, वाहतूक यांविषयी नियम करण्याचा अधिकार कायद्याच्या दहाव्या कलमाने राज्य सरकारांना दिला. महाराष्ट्राने आपले नियम केले, तमिळनाडूने आपले केले, इतरांनी आपापले केले. अनेक राज्यांत परिणाम असा झाला की, एका खेपेसाठी जवळ बाळगण्याचा एक परवाना, वाहतुकीचा दुसरा, माल पाठविणाऱ्या राज्याचा तिसरा, घेणाऱ्या राज्याचा चौथा, अशी मालिका तयार झाली. आणि हे सर्व परवाने एकाच वेळी जिवंत असले पाहिजेत, ही अट! शेवटचा परवाना हाती पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपण हसत हसत उच्चारतो. पण ज्याच्या आयुष्याचे दोनच महिने उरले आहेत त्याने सहा महिने थांबावे कसे? इस्पितळांनी शेवटी साधा मार्ग पत्करला. त्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ नंतरच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला आणि १९९७ साली तो १८ किलोवर आला. सारा देश मिळून अठरा किलो! एवढे तर एखाद्या मध्यम कुटुंबाला महिन्याला तांदूळ लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९६१ च्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे हा कायदा उभा राहिला, त्या कराराच्या प्रस्तावनेतच वेदनाशमनासाठी ही औषधे अपरिहार्य असून त्यांची उपलब्धता राखली पाहिजे, असे मान्य केलेले आहे. म्हणजे कराराची आज्ञा दुहेरी होती: गैरवापर रोखा आणि औषध पोहोचवा. आम्ही पहिला अर्धा श्लोक पाठ केला आणि दुसरा विसरलो. तो विसरणेही स्वाभाविकच म्हणावे लागेल, कारण हा कायदा ज्या विभागाच्या हाती आहे तो आरोग्य मंत्रालयाचा नाही. तो अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग आहे. राज्यांतही त्याची किल्ली बहुधा दारूबंदी व अबकारी खात्याकडे होती. ज्याच्या हाती तराजू त्याला सर्व जग वजनातच दिसते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कोणत्याही परवान्याच्या कामात दोन प्रकारची चूक संभवते. ज्याला देऊ नये त्याला दिले, ही एक. आणि ज्याला द्यावयास हवे होते त्याला नाकारले, ही दुसरी. नीतीच्या दृष्टीने दोन्ही चुकाच. परंतु कार्यालयाच्या दृष्टीने त्यांची किंमत मुळीच सारखी नाही. पहिली चूक झाली तर चौकशी होते, खुलासा मागविला जातो, निलंबन होते, आणि या कायद्यात तर तुरुंगाची वाट दिसते. दुसरी चूक झाली तर काहीही होत नाही. ज्याला नाकारले तो आपल्या घरी, आपल्या खाटेवर, तोंडात टॉवेलचा बोळा घालून रात्र काढतो, आणि काही दिवसांनी निघून जातो. तो तक्रार करावयास परत येत नाही. त्याचे कुटुंबीय तेराव्यानंतर इतके दमलेले असतात की, तेही येत नाहीत. दिलेल्या प्रत्येक गोळीची नोंद आहे. न दिलेल्या गोळीची नोंद कोणत्याच वहीत नाही. आणि ज्याची नोंद नाही ते सरकारदरबारी घडलेलेच नसते. अशा व्यवस्थेत बसलेला माणूस कितीही सज्जन असला तरी तो नाकारण्याकडेच झुकणार. दोष त्याच्या अंतःकरणाचा नाही, वहीच्या रकान्यांचा आहे.

या स्थितीविरुद्ध झगडणारी माणसे या देशात निघाली, हे आपले भाग्य. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली कालिकतमध्ये वेदनाग्रस्तांसाठी संस्था उभारली. त्यांच्यासारख्यांच्या खटपटीमुळे १९९८ साली केंद्राने राज्यांना सुटसुटीत नियमांचा नमुना पाठविला. केरळसारख्या काही राज्यांनी तो स्वीकारला; अनेकांनी तो फायलीला लावून ठेवला. २००७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती संमत केली आणि ती १ मे २०१४ पासून लागू झाली. 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा नवा वर्ग निर्माण झाला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यात आली. त्यांच्यापुरता राज्यांचा नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. आणि २०१५ च्या नियमांनी अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरविली. जे चोवीस दिवसांत बांधले ते सोडवावयास अठ्ठावीस वर्षे लागली.

मग आता तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार ही की, नियम सुटसुटीत झाला तरी धास्ती जागच्या जागीच आहे. जुन्या खात्याचा परवाना गेला, पण नव्या मान्यतेसाठी अर्ज करावा असे ज्यांना वाटत नाही अशी इस्पितळे पुष्कळ आहेत. प्रशिक्षित डॉक्टर नेमा, वार्षिक अंदाज पाठवा, वेगळा हिशेब ठेवा. एवढी दगदग कोणासाठी? जो बरा होणार नाही त्याच्यासाठी! इस्पितळाच्या जमाखर्चात मरणासन्न माणसाचे मोल फारसे नसते.

मी राहतो त्या गिंडी भागाची गोष्ट सांगतो, कारण येथे तरी साधनांचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी १९५४ साली स्थापिलेली आणि डॉ. शांता यांनी आपले आयुष्य वेचून वाढविलेली अड्यारची कर्करोग संस्था येथून हाकेच्या अंतरावर आहे. किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात २०२३ साली मोठे सरकारी इस्पितळ उघडले, आणि २०२४ साली वृद्धांसाठी राष्ट्रीय केंद्रही उघडले. तमिळनाडू सरकारने २०२१ पासून घरोघरी उपचार पोहोचविण्याची योजना चालविली आहे, आणि तीत उपशामक शुश्रूषेचाही समावेश आहे. हे सर्व मनापासून स्तुत्य आहे. आणि तरीही गेल्या वर्षी आमच्या वसाहतीतील एका निवृत्त सहकाऱ्यांना जबड्याचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात असताना जे भोगावे लागले, ते मी पाहिले आहे. ज्या इस्पितळात ते जात तेथील डॉक्टरांनी चिठ्ठीवर मॉर्फिन लिहिले. भांडारात ते संपलेले होते. पुढच्या आठवड्यात या, असे सांगितले गेले. त्यांचा मुलगा ती चिठ्ठी घेऊन सैदापेट ते वेळचेरी औषधांची दुकाने हिंडला. एकाने चिठ्ठी न वाचताच परत केली. दुसऱ्याने, घरात कोणाला सवय आहे का, असे विचारले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "भाऊजी, चोरीचा माल मागावा तसं वाटलं हो त्याला." नऊ दिवसांनी औषध मिळाले. त्यानंतर ते गृहस्थ अकरा दिवस जगले, आणि त्या अकरा दिवसांत नातवाशी बोलले. आधीच्या नऊ दिवसांचा जाब कोणाला विचारावा? डॉक्टरांनी लिहिले होते, भांडाऱ्याने खरे ते सांगितले होते, दुकानदाराकडे माल नव्हता. प्रत्येकाची वही चोख होती.

आता पूर्वपक्षाचा विचार करू. पहिला आक्षेप व्यसनाचा. हा आक्षेप पोकळ नाही, आणि तो अमेरिकेचे उदाहरण घेऊन येतो. तेथे १९९६ पासून एका औषध कंपनीने, पर्ड्यू फार्माने, ऑक्सिकोडोनच्या गोळ्या साध्यासुध्या दुखण्यांसाठीही जोमाने खपविल्या. २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला. मधल्या काळात व्यसनाने लक्षावधी घरे उद्ध्वस्त झाली. हे खरेच आहे. पण पुढे काय झाले तेही पाहावे. २०१६ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने पहिल्या चिठ्ठीवर सात दिवसांची मर्यादा घातली. फ्लोरिडाने २०१८ मध्ये तीव्र वेदनेसाठी तीन दिवसांची घातली. एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. कर्करुग्णांना कायद्यात सूट असे, परंतु दुकानदार आणि डॉक्टर सूट वाचीत बसत नाहीत, ते शिक्षा वाचतात. वर्षानुवर्षे औषधावर स्थिर असलेल्या रुग्णांची मात्रा एकाएकी तोडण्यात आली. तेव्हा २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनालाच त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला, आणि २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे ताठरपणे राबविली गेल्याने इजा झाली, हे मान्य करून २०२२ साली ती सुधारावी लागली. चिठ्ठ्या २०१२ पासून घटत होत्या; तरीही २०२१ साली अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने तेथे एक लाखाहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेकांना मारले ते चोरट्या फेंटानिलने. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण त्यांच्या भाषेत नसावी. पण प्रकार तोच.

अमेरिकेत औषध गरजेच्या कित्येक पट वाहिले, आपल्याकडे ते शंभरात चार थेंब पोहोचते. तेथील पुराचे भय दाखवून येथील दुष्काळ चालू ठेवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आपल्याकडे कोडीनच्या खोकल्याच्या औषधांचा आणि ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांचा गैरव्यापार झाला, म्हणून २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल कायद्याच्या कक्षेत आणले गेले. तो गैरव्यापार रोखावाच. परंतु कर्करुग्णाच्या उशाखालच्या गोळीला त्याची शिक्षा नको. कालिकतच्या केंद्रातील दोन वर्षांची पाहणी २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली आहे: १,७२३ रुग्णांना घरी नेण्यासाठी मॉर्फिन देण्यात आले, आणि गैरवापराचा अथवा औषध अन्यत्र वळविल्याचा एकही प्रकार आढळला नाही. योग्य मात्रेत, वेदनेच्या मापाने, ठराविक तासांनी दिलेल्या मॉर्फिनची शरीराला सवय होते, हे खरे. तशी ती इतर कित्येक औषधांचीही होते. सवय आणि व्यसन यांत अंतर आहे. आणि ज्याला महिनाभराचे आयुष्य उरले आहे त्याला व्यसन लागेल या काळजीने त्याला तळमळत ठेवणे, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप कायद्याचा नाही, आपल्या घरातला आहे. आणि मराठी वाचकांपुढे तो मांडलाच पाहिजे. आपल्याकडे सोसण्याला मोठी प्रतिष्ठा आहे. "शेवटपर्यंत हूं की चूं केले नाही," ही आपण मृताची थोरवी सांगतो. भोग भोगूनच संपवावा, असे म्हणणारे आप्त प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी एक तरी असते. जो स्वेच्छेने सोसतो त्याला नमस्कार असो. परंतु शेजारच्या खोलीत कण्हणाऱ्याने किती सोसावे हे ठरविण्याचा अधिकार धडधाकट माणसाला कोणी दिला? वेदना माणसाला शुद्ध करते असे म्हणणाऱ्यांनी ती एक रात्र भोगून पाहावी. ती बहुधा माणसाचे नाव, नाते आणि प्रार्थना हे सर्व पुसून टाकते. तरी घरोघरी, "मॉर्फिन दिले म्हणजे आता संपलेच," असे समजून नातेवाईकच औषध नाकारतात. आणि ज्या खात्याला नाकारावयाचेच आहे, त्याचे काम सोपे होते.

आम्ही तमिळनाडूत राहणारे मराठी लोक तंजावरचा अभिमान बाळगतो. त्या अभिमानातून येथे काही घेण्यासारखे आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल उभारून तेथे औषधांची सिद्धता आणि परीक्षा चालविली. त्यांनी तपासलेल्या नेत्ररुग्णांच्या, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह केलेल्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या दप्तरात कोणाला काय दुखत होते याची नोंद आहे. आमच्या आजच्या दप्तरात औषध किती मिलिग्रॅम शिल्लक आहे याची नोंद आहे. ज्याला दुखत होते तो कोठे गेला?

म्हणून मागणी फार मोठी नाही, एका कारकुनाला सुचेल तेवढीच आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने २०१५ च्या नियमांखालील मान्यता घेतलीच पाहिजे. ती न घेणे हा प्रशासकीय दोष समजला जावा. ताप आणि नाडी लिहितात त्याच कागदावर वेदनेची तीव्रताही रोज लिहिली जावी. आणि मॉर्फिनच्या नोंदवहीत आणखी एक रकाना आखावा: चिठ्ठी आली पण औषध दिले गेले नाही, अशी प्रकरणे, तारीख, कारण, आणि औषध मिळेपर्यंत गेलेले दिवस. या रकान्याची दरमहा बेरीज औषध नियंत्रकाकडे जावी आणि तिचा खुलासा मागविला जावा. जास्त दिल्याबद्दल जाब विचारणारी व्यवस्था कमी दिल्याबद्दलही जाब विचारू लागली, तर तिचा झुकलेला काटा सरळ होईल. त्यासाठी संसदेच्या नव्या कायद्याची गरज नाही. एक परिपत्रक आणि एक पट्टी पुरे.

तोवर वाचकांनीही एक काम करावे. आपल्या गावातील इस्पितळात जावे आणि विचारावे, "येथे मॉर्फिन मिळते का? नसल्यास का नाही?" तोंडी नव्हे, लेखी विचारावे, आणि अर्जाची पोच घ्यावी. आम्ही कारकून लेखी अर्जाला फार भितो. त्याला आवक क्रमांक पडतो, आणि क्रमांक पडलेल्या कागदाला कधी ना कधी उत्तर द्यावेच लागते.